बाळंतिणीच्या खोलीतला कॅमेरा

"कशाला काढायलास रे आत्ताच? बारसं तर होऊ दे."

माझी आई हे म्हणाली तेव्हा नात जन्मून जेमतेम तीन दिवस झाले होते आणि माझ्या हातात कॅमेरा होता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे उमरग्याला आली होती. जावई पुण्यात, व्याही कलबुर्गीला. दोन्हीकडून फोनवर एकच मागणी : फोटो पाठवा. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर हौस म्हणून जुना निकॉन डी-३२०० आणि ५० मिलिमीटरचं एक भिंग घेतलं, आणि लग्नाकार्यात, शिवारात बरे फोटो काढू लागलो होतो. पळून न जाणारं, पाठ फिरवून न बसणारं तीन किलोचं माणूस टिपण्यात काय अवघड, असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी ऐंशी फोटो काढले. त्यांतला एकही धड नव्हता.

का नव्हता, हे शोधत बसलो. त्यानंतर शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात सात-आठ बाळांचे फोटो काढले, चुका वहीत लिहिल्या, बालरोगतज्ज्ञांना विचारलं, थोडं वाचलं. त्यातून एवढं कळलं की अडचण कॅमेऱ्याची फार थोडी असते. अडचण खोलीची असते, बाळाच्या शरीराची असते आणि सगळ्यात जास्त आपल्या घाईची असते. हल्ली प्रत्येक घरात फोन आहे, म्हणजे प्रत्येक घरात नवजात बाळाचा एक हौशी छायाचित्रकार आहे. त्यांच्यासाठी हा लेख.

खोली आणि उजेड

आमच्या भागातली जुनी घरं काळ्या दगडाची आणि मातीची. दोन-दोन फूट रुंद भिंती, वर माळवद, खिडक्या नावापुरत्या. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असे, पण उजेड दारातून यायचा आणि छतातल्या झरोक्यातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूर परिसरात हीच घरं माणसांच्या अंगावर आली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. त्यानंतर या पट्ट्यात बांधकामाची पद्धत बदलली. सिमेंट आलं, पत्रे आले, भिंती पातळ झाल्या आणि खिडक्या मोठ्या झाल्या. माझ्या कॅमेऱ्याला जो उजेड मिळतो, त्यामागे हा इतिहास आहे.

पण बाळंतिणीच्या खोलीत खिडकी असून नसल्यासारखी. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून ती बंद, वर पडदा, पडद्यावर जुनी चादर. आत नऊ वॉटचा एक दिवा. डोळ्यांना ही खोली पुरेशी उजळ वाटते, कारण डोळे सवय करून घेतात. कॅमेऱ्याला सवय होत नाही. बाहेर सावलीत जेवढा उजेड असतो, त्याच्या कित्येक पट कमी उजेड आत असतो. मग कॅमेरा तीन गोष्टींपैकी काहीतरी करतो : पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो, भिंगाचं छिद्र मोठं करतो किंवा संवेदकाची पट्टी, म्हणजे आयएसओ, वाढवतो.

पडदा जास्त वेळ उघडा राहिला की बाळाचा हात धुरकट येतो. छिद्र मोठं केलं की दुसरी पंचाईत होते. माझ्या भिंगाचं छिद्र एफ/१.८ वर ठेवून साठ सेंटिमीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम एक सेंटिमीटर खोलीपुरताच भाग स्वच्छ दिसतो. हे गणित मी नंतर मांडून पाहिलं. पहिल्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की नाकाचा शेंडा टोकदार आहे आणि डोळे पुसट. एफ/४ वर हीच खोली सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे डोळे आणि ओठ तरी एकत्र सापडतात. तेव्हा छिद्र एफ/४ च्या जवळपास ठेवायचं, पडदा सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागापेक्षा हळू जाऊ द्यायचा नाही आणि आयएसओ हवा तेवढा, १६०० किंवा ३२००, वाढू द्यायचा. फोटोत रवा पडल्यासारखा दिसेल. दिसू द्यावा. धूसर फोटोपेक्षा रवाळ फोटो बरा.

फोनवाल्यांना हा हिशेब करावा लागत नाही, पण त्यांची फसगत वेगळीच होते. अंधारात फोन एका फोटोसाठी पाठोपाठ बऱ्याच चौकटी घेतो आणि त्या एकमेकींवर बसवतो. तेवढ्यात बाळ हललं तर बोटं सहा दिसतात. दुसरं, फोनचं नेहमीचं भिंग रुंद कोनाचं असतं. बाळ लहान म्हणून आपण फोन जवळ नेतो आणि नाक बटाट्याएवढं होतं. हातभर मागे सरून दुप्पट मोठं करून काढलं की चेहरा चेहऱ्यासारखा येतो.

एलईडी दिव्याचं एक वेगळंच दुखणं आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याचा पडदा फार वेगात असेल तर फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटतात. मला आधी कॅमेरा बिघडला असं वाटलं. पडदा सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणला की पट्टे बरेचसे जातात. परदेशातल्या सल्ल्यात एकशे विसावा भाग लिहिलेला सापडतो, कारण अमेरिकेची वीज साठ आवर्तनांची. आपल्याला तो आकडा लागू नाही.

यावर खरा उपाय दिवा बंद करून खिडकी उघडणं हाच. वाऱ्याची भीती खोटी नाही, पण काच बंद ठेवून नुसता पडदा बाजूला सारता येतो. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही ती निवडायची. बाळंतिणीची बाज खिडकीलगत आडवी लावली की उजेड बाळाच्या एका गालावरून येतो. दुसऱ्या गालाच्या बाजूला पांढरं कापड धरलं की सावली मऊ होते. आमच्याकडे त्यासाठी माझं जुनं धोतर कामी आलं. त्याची निम्मी दुपटी आधीच झाली होती. बाळाचे पाय खिडकीकडे मात्र नकोत. उजेड खालून वर आला की नाकपुड्या चमकतात आणि चेहरा भेसूर दिसतो, आणि मग घरातली बायामाणसं फोटोला नावं ठेवतात.

खिडक्या-दिव्यांच्या आधी

बाळ हलतं ही तक्रार फोटोकलेच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. पुढे वेळ काही सेकंदांवर आला, तरी बाळाला तेवढा वेळ स्थिर ठेवायचं कसं? युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी त्यावर युक्ती काढली. आईनं बाळाला मांडीवर घेऊन बसायचं आणि आईवर पडदा किंवा सतरंजी टाकायची. चित्रात बाळ एका विचित्र, माणसाच्या आकाराच्या खुर्चीत बसल्यासारखं दिसे. अशी शेकडो चित्रं आज संग्राहकांकडे आहेत. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं कोरड्या काचपट्टीची कल्पना मांडली, पुढच्या दहा वर्षांत त्या पट्ट्या जलद झाल्या आणि आईवरचा पडदा निघाला.

आपल्याकडे अडचण निराळी होती. फोटोवाला पुरुष आणि बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषाला मज्जाव. उमरगा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि आमच्या लोकांचं मोठं शहर म्हणजे हैदराबाद. आजही सोलापूर-हैदराबाद रस्ता गावातून जातो. त्याच हैदराबादेत सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. आतलं काम श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे होतं. पडद्यातल्या श्रीमंत घरच्या बायका तिथं निर्धास्तपणे जात. गोरगरिबांना आणि खेड्यातल्यांना अर्थात त्याचा काही उपयोग नव्हता. आमच्या घरातला सगळ्यात जुना फोटो माझ्या चुलत्याच्या मॅट्रिकचा. माझ्या पिढीतल्या कुणाचाही जन्मानंतरच्या महिन्यातला फोटो मी पाहिलेला नाही.

आज मनाई उरलेली नाही, पण ती खोली अजून बाळंतिणीचीच आहे. मी आजोबा असलो तरी दाराशी थांबून "येऊ का गं?" विचारल्याशिवाय आत जात नाही. दूध पाजताना, शेक घेताना कॅमेरा बाहेर. चौकटीच्या कोपऱ्यात आईचं काय दिसतंय ते फोटो पाठवण्याआधी तिनं स्वतः पाहायचं. दोन-तीनदा असं झालं की बाळ सुंदर आलं होतं, पण लेक म्हणाली, "हा नको अण्णा, मी कशी दिसायलेय बघा." तो फोटो तिथल्या तिथे पुसला.

बाळाचं शरीर

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं. मग झोपेतच फोटो काढू, असं वाटतं. पण त्यातली साधारण निम्मी झोप चळवळी असते. पापण्या फडफडतात, बोटं ताठतात, तोंड वाकडं होतं, मधूनच हसू फुटतं. आमच्याकडे म्हणतात, सटवाई हसवायलीय. शरीरशास्त्र सांगतं की हे हसू मेंदूच्या वाढीतलं, आपोआप येणारं. समोरच्याला ओळखून हसणं सहा ते आठ आठवड्यांनी येतं. कारण काहीही असो, ते हसू एक-दीड सेकंद टिकतं आणि पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. ते मिळवायचं तर कॅमेरा डोळ्याला लावून वीस मिनिटं गप्प बसावं लागतं. मला ते जमायला आठवडा लागला.

चळवळी झोप संपून गाढ झोप लागली की श्वास एकसारखा होतो, हात सैल पडतो. हळूच उचलून सोडला तर खाली येतो. हीच वेळ. तेल लावून, न्हाऊ घालून, दूध पाजून झाल्यावर ती हमखास येते. आमच्याकडे त्याच वेळी धुरी देण्याची पद्धत आहे. धुरानं उजेडावर दूधकट पडदा येतो हे सोडा, त्या कोवळ्या फुफ्फुसांना तो धूरच नको, असं डॉक्टर सांगतात. फोटोच्या निमित्तानं आमच्या घरातली धुरी बंद झाली. आईला मी कारण उजेडाचं सांगितलं होतं, फुफ्फुसाचं नाही. फुफ्फुसाचं सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

उघड्या डोळ्यांचा फोटो हवा असेल तर उजेड वाढवून उपयोग नाही. प्रखर उजेडात बाळ डोळे मिटतं आणि खोली जरा मंद झाली की उघडतं. आडवं असताना मिटलेले डोळे, कुणी खांद्यावर उभं धरलं की पुष्कळदा उघडतात. त्याला स्पष्ट दिसतं ते वीस ते तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे पदराखालून आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. कॅमेऱ्याकडे बघ म्हणून खुळखुळा वाजवणं व्यर्थ आहे. त्यापेक्षा आईनं तोंड जवळ न्यावं आणि आपण बाजूनं काढावा.

फ्लॅशनं डोळे जातात असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. साध्या फ्लॅशनं निरोगी बाळाच्या डोळ्याला इजा होते याला आधार नाही. तरी मी तो वापरत नाही, कारण बाळ दचकतं. अचानक उजेड, आवाज किंवा हादरा झाला की ते दोन्ही हात फाकवून परत मिटतं आणि रडायला लागतं. ही जन्मजात प्रतिक्रिया आहे आणि काही महिन्यांत आपोआप जाते. माझ्या कॅमेऱ्यातल्या आरशाच्या खटक्यानंही सुरुवातीला हेच होई.

फ्लॅशबद्दल एक गोष्ट मात्र प्रत्येक आईबापांना माहीत असावी. फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांची बाहुली लाल येते, हे बरोबर आहे. आतल्या रक्तवाहिन्यांवरून परतलेला तो उजेड असतो. एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट किंवा पिवळसर चमकलेली दिसली, तर फोटो खराब आला म्हणून टाकून देऊ नये. बाळाची नजर एका बाजूला असताना कधी कधी निरोगी डोळाही तसा दिसतो. पण पुन्हा पुन्हा तसंच दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्याच्या पडद्याची गाठ असू शकते. ही गाठ पंधरा ते वीस हजार बाळांत एखाद्याला होते आणि वेळेवर कळली तर जीव आणि बऱ्याचदा नजरही वाचते. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या घरच्या फोटोंवरूनच ती ओळखू आल्याची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत.

टोपलीतलं बाळ

इंटरनेटवर दिसणारी बाळं दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून, बेडकासारखी बसून झोपलेली असतात. फुलांत, टोपल्यांत, भोपळ्यांत बाळं ठेवण्याची ही हौस जगभर पसरवण्यात ॲन गेडीस या छायाचित्रकार बाईंचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या या बाईंचं बागेतल्या बाळांचं पुस्तक १९९६ साली आलं. आता मोठ्या शहरांत निव्वळ नवजात बाळांचे स्टुडिओ आहेत. तिथले चांगले लोक शिकलेले असतात, खोली गरम ठेवतात, शेजारी मदतनीस असतो.

आपल्याला दिसत नाही ते असं की बेडकासारख्या बैठकीचा तो फोटो एक नसतो. एका फोटोत मदतनीसानं बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग संगणकावर दोन्ही जोडून मदतनीसाचे हात पुसतात. नवजात बाळाची मान स्वतःचं डोकं पेलू शकत नाही, मनगटांचा तर प्रश्नच नाही. फोटो बघून घरी तसं बसवायला गेलं तर मान पुढे पडून श्वास अडू शकतो. गावातल्या एका घरी मामानं हा प्रयोग सुरू केला होता, मी योगायोगानं तिथं होतो. पोरगा हुशार, हेतू चांगला. मी मोबाइलवर दोन फोटो जोडण्याची रीत त्याला दाखवली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

माझी स्वतःची करामतही सांगायला हवी. सुपात बाळ ठेवण्याची आपली जुनी रीत आहे, तिला धरून मी अकराव्या दिवशी नातीला सुपात निजवायचं ठरवलं आणि भोवती झेंडूची फुलं पसरली. फुलं शेतातून ताजी आणलेली. दुसऱ्याच मिनिटाला बाळानं असा टाहो फोडला की स्वयंपाकघरातून सगळे धावले. झेंडूत मुंग्या होत्या. मांडीवर तीन ठिकाणी लाल गांधी उठल्या. त्या दिवसापासून बाळाभोवती फुलं नाहीत, लोकरीचे सुटे धागे नाहीत, कपाळावर घट्ट पट्टा नाही. कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या गळ्यात अडकवल्याशिवाय बाळाच्या वर वाकायचं नाही. अर्ध्या किलोहून जड वस्तू हातातून निसटली तर काय होईल, हे लिहायची गरज नाही.

उघड्या अंगाचे फोटो काढण्याबद्दलही विचार करावा. नवजात बाळाला थंडी वाजली तरी कुडकुडता येत नाही. अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं आणि उघड्यावर ते पटकन उतरतं. बाळ जन्मतं त्या खोलीचं तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंख्याखाली, पावसाळ्यात, कपडे काढून पंधरा मिनिटं फोटो काढणं म्हणजे बाळाच्या वजनवाढीची शक्ती खर्च करणं. झबलं, टोपडं, कुंची यांत बाळ वाईट दिसतं असं कुणी ठरवलं, कोण जाणे.

पिवळा रंग

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

तिसऱ्या दिवसाच्या त्या ऐंशी फोटोंत दोन बरे वाटले. दिव्याच्या उजेडात काढलेले होते, त्यामुळे सगळं पिवळट आलं होतं. भिंतीही आमच्या पोपटी. मी संगणकावर बसलो, रंगाचा काटा निळ्याकडे सरकवला, पिवळेपणा काढला, थोडी गुलाबी छटा चढवली. नात गुलाबाच्या कळीसारखी दिसायला लागली. पुण्याला आणि कलबुर्गीला फोटो गेले, वाहवा आली. विहीणबाईंनी लिहिलं, "रंग अगदी उजळ आहे." मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी सकाळी आई नातीला घेऊन दारात, उजेडात आली आणि म्हणाली, "लेकरू पिवळं दिसायलंय." मी म्हणालो, दिव्यामुळे वाटतंय तुला. दारात कसला आलाय दिवा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आईनं नातीच्या नाकाचा शेंडा बोटानं दाबला आणि सोडला. दाबलेली जागा पांढरी न होता पिवळी उमटली. पोटावर तसंच. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं आणि नात दोन दिवस निळ्या दिव्याखाली राहिली. काही बिघडलं नाही. पण आदल्या दिवशी जे दिसत होतं ते मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं, आणि वर त्या पुसलेल्या फोटोवर विश्वास ठेवून बसलो होतो.

कावीळ पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठ बाळांना होते, अपुऱ्या दिवसांच्या ऐंशीला. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते, म्हणजे बरोबर जेव्हा आपण फोटो पाठवत असतो तेव्हा. बहुतेक बाळांची आपोआप उतरते. पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पोचला, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो, कारण रक्तातलं पित्तद्रव्य फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते.

माझ्यासारख्यानं रंग सुधारायला नको होता हे खरं, पण मी नसता सुधारला तरी कॅमेऱ्यानं तेच केलं असतं. प्रत्येक कॅमेरा आणि फोन समोरच्या दृश्यातला पांढरा रंग कोणता असावा याचा अंदाज बांधतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे हलवतो. चौकटभर पिवळसर कातडीच असेल तर त्याला वाटतं की उजेडच पिवळा आहे, आणि तो पिवळा वजा करतो. शिवाय हल्लीचे फोन न विचारता कातडी गोरी आणि गुळगुळीत करतात. उलटही होतं : पोपटी भिंतीजवळ किंवा पिवळ्या दुपट्यात धडधाकट बाळ काविळीचं दिसतं आणि पुण्याच्या आत्याचा घाबरून फोन येतो. फोटो बघून "बाळ छान आहे" असं म्हणणं किंवा "बाळ पिवळं आहे" असं म्हणणं, दोन्ही तेवढंच बेभरवशाचं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फोनवरून काविळीचा अंदाज घेण्याची एक पद्धत २०१४ मध्ये मांडली. तीत त्यांनाही बाळाच्या पोटावर ठराविक रंगांचं एक कार्ड ठेवावं लागलं. त्या कार्डाशी ताडून पाहिल्याशिवाय फोटोतल्या रंगाला अर्थ नव्हता.

निळ्या दिव्याची हकिकतही फोटोवाल्यांना आवडावी अशी आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात वॉर्ड नावाच्या मुख्य परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग फिकट झालेलं आणि एकच तिकोनी जागा गडद पिवळी. चादरीचा कोपरा तिथं पडला होता. उजेड लागला तिथली कावीळ गेली, झाकलेली राहिली. कातडीवर उन्हानं काढलेला फोटोच तो. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दिव्याचा उपचार तयार केला आणि १९५८ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापला. निळा उजेड पित्तद्रव्याचं रूप बदलतो आणि मग ते शरीराबाहेर टाकता येतं. घरी उन्हात ठेवून काविळीवर इलाज करू नये, असं डॉक्टर आता बजावतात. उन्हाचा नेम नाही आणि बाळ भाजतं.

आता मी बाळाजवळ पांढऱ्या धोतराचा तुकडा ठेवतो, तो पांढरा दिसेल एवढाच रंग दुरुस्त करतो आणि त्यापुढे जात नाही. हातपाय निळसर, अंगावर लालसर पुरळ, पाठीवर काळपट-निळा डाग, डोक्याला आलेला उंचवटा, हे सगळं पहिल्या दिवसांत नेहमीचं असतं आणि ते पुसून बाळ "सुंदर" करण्याची मला गरज वाटत नाही. रंग उजळ करून पाठवण्यात आपण पोरीला चौथ्याच दिवशी काय शिकवायला लागतो, तेही मला नंतर सुचलं.

दृष्ट आणि स्टेटस

आईचा विरोध दृष्टीसाठी होता. बाराव्या दिवसापर्यंत बाळ कुणाला दाखवायचं नाही, पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद ठेवायचा, गालावर तीट लावायची. ज्या काळात घरोघरी बाळं दगावत होती, त्या काळात जन्मताच गवगवा न करणं समजण्यासारखं आहे. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार त्या वर्षीही देशात जन्मलेल्या दर हजारातली वीस बाळं पहिल्या महिन्यात जात होती. बाहेरच्यांना महिनाभर दूर ठेवण्यानं जंतूही दूर राहत असणार. काजळाच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे : डोळ्यांत घालू नये, काही काजळांत शिसं असतं.

दृष्टीवर माझा विश्वास नाही, पण बाराव्या दिवसाआधीचा फोटो स्टेटसवर टाकू नये या मताला मी वेगळ्या वाटेनं आलो आहे. फोटो एकदा गेला की तो परत घेता येत नाही, आणि ज्याचा फोटो आहे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. त्यातून बाळाचं काही बरंवाईट झालं तर अभिनंदनाचे संदेश येत राहतात.

हे एका घरी मी पाहिलं आहे. ओळखीतल्या जोडप्याचं बाळ सातव्या महिन्यात झालं. मोठ्या शहरातल्या नवजात कक्षात ते नऊ दिवस होतं. बापाला एकदाच आत जाऊ दिलं, त्यानं काचेतून फोनवर एक फोटो घेतला. निळा-हिरवा उजेड, काचेवरची चमक, हललेला हात, नाकात नळी. बाळ गेल्यावर काही महिन्यांनी ते दोघं माझ्याकडे आले आणि हा फोटो "जरा साफ" करून मागितला. रंग सुधारण्यासारखा नव्हता, म्हणून तो कृष्णधवल केला, चेहऱ्याचा भाग थोडा उजळ केला, चमक झाकली. नळी पुसू का, असं विचारलं. आई म्हणाली, "राहू द्या सर. ती होती."

त्यानंतर मी धूसर फोटो लगेच पुसायचं सोडलं. आधी आठवडाभर ठेवतो.

छापून ठेवण्याबद्दल एवढंच सांगतो, की फोन पडतो, हरवतो, भरतो. भूकंपानंतर सास्तूरकडची माणसं उमरग्यात फोटोवाल्याकडे जुन्या निगेटिव्हची चौकशी करत फिरताना मी पाहिली आहेत. कुणाच्या लग्नातला, कुणाच्या शाळेतला कोपरा मिळे. लहान बाळांचं काहीच मिळत नसे, कारण काढलेलंच नसे. म्हणून दर बाळाचे पाच-सहा फोटो मी कागदावर छापतो, मागे शिसपेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहितो आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवायला देतो.

नातीचा अकराव्या दिवसाचा, सुपाच्या आधीचा, खिडकीतला फोटो आईनंही मागून घेतला. बारसं झाल्यावर. तो पेटीत ठेवण्याआधी तिनं करंगळीनं फोटोतल्या गालावर काजळाची तीट लावली. इंकजेटच्या कागदावर ती थोडी पसरली.